सत्तेचाळीस पुरुष आणि दोन बायका

१

कमलीबाईला शेवटची आंघोळ घालताना तिच्या सासूला तिच्या पोटरीवर आमच्या खात्याचं कापड सापडलं.

पांढरं मांजरपाट, हातभर लांब, कोपऱ्यात लाल शिक्का. ते पाणी गाळायला दिलेलं होतं. कमलीबाईनं ते गुडघ्याखाली घट्ट गुंडाळून वर घेरदार घागरा, त्यांचा फेटिया, सोडला होता. आत नारूचं तुटलेलं टोक होतं आणि चिघळलेली जखम. धनुर्वातानं तिची दातखीळ बसली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. वय चोवीस.

हे मला कळलं ते अर्जावरून. आसेगावजवळच्या बंजारा तांड्याचे नाईक रतनसिंग यांनी तो शाळामास्तरांकडून लिहवून घेतला होता. शेवटची ओळ अशी होती: "आपल्या वहीत आमच्या तांड्यातील एकाही बाईस नारू नाही असे लिहिले आहे. तरी तांड्याची ही सून कशाने मेली, ते कळवावे."

छप्पन सालच्या जूनमध्ये आरोग्य खात्यानं मला चौकशीला पाठवलं, कारण नारूची ती पाहणी माझी होती. मी आकडेवारीचा माणूस. नागपूरला टेबलाशी बसून दुसऱ्यांचे मसुदे निळ्या पेन्सिलीनं तासायचे, हे माझं काम आणि माझा शौक.

आताच्या मंडळींना नारू सांगावा लागतो. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून हा जंत पोटात जातो आणि पायातून दोऱ्यासारखा बाहेर येतो, रोज थोडा थोडा. ओढला की तुटतो, तुटला की सडतो. मोठा सावकाश प्राणी आहे. आज घोटाबरोबर गेला तर बाहेर पडायला वर्ष घेतो. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं तर तो पोटात जातच नाही. एवढं सोपं औषध बायका रोज वापरतील का आणि त्यानं नारू हटेल का, हे आम्हाला पाहायचं होतं.

मंगरूळपीर तालुक्यातली वीस गावं-तांडे घेतले. दहांना कापड आणि शिकवण, दहांना काही नाही. कोणते दहा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे कुणी मर्जीतली गावं निवडायला नको. कापड वाटलं पंचावन्नच्या आषाढात. मोजणी छप्पनच्या उन्हाळ्यात, आणि पुन्हा सत्तावन्नच्या.

माणसाच्या मनातला कल आकड्यात शिरू नये म्हणून मी काय काय बांध घातले होते! शिकवणाऱ्या बाईनं दहाही ठिकाणी ठरलेलाच मजकूर बोलायचा, एक शब्द इकडेतिकडे नाही. मोजणाऱ्याला कापड कुठे वाटलं ते कळू द्यायचं नाही. त्यानं घरात पाऊलच टाकायचं नाही, कारण माठावरचं कापड दिसलं की संपलं. पारावर बसून प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाला विचारायचं आणि लिहायचं. मला वाटलं होतं, यातून मुंगीसुद्धा शिरणार नाही.

आणि तरी नारूनं मेलेली एक बाई वहीत निरोगी होती. कुणीतरी खोटं बोललं होतं.

२

"कुणीतरी कशाला? ती पंचफुलाबाई." डॉक्टर उंबर्डेकरांनी मला बसूही दिलं नाही. तालुक्याच्या कामाचे ते प्रमुख. इस्त्रीचा पांढरा कोट, टेबलावर टाइप केलेला अहवाल तयार. "आपलं शिकवणं यशस्वी दिसावं म्हणून तिनं बायकांना नारू लपवायला सांगितलं. तिला बडतर्फ करतोय. शिवाय पोलिसांत देणार. एक जीव गेलाय, पिंजरकर."

"पुरावा?"

"फायदा कोणाचा होता ते पाहा की."

फायदा डॉक्टरांचाही होता. पाहणी यशस्वी झाली तर योजना साऱ्या जिल्ह्यात जाणार होती आणि तिच्या डोक्यावर ते बसणार होते. आणि खोटं कशाला बोलू, फायदा माझाही होता. एप्रिलअखेर त्यांची तार आली होती: बिनकापडाच्या गावांत एकशे नऊ नारू, कापडाच्या गावांत सत्तर. एक तृतीयांश घट! मी कचेरीत पेढे वाटले होते.

मी मूळ वही मागितली. तोवर मी फक्त बेरजा पाहिल्या होत्या, कारण बेरजा मला आवडल्या होत्या. आवडत्या आकड्याच्या पोटात कोण हात घालतो?

बिनकापडाची गावं: पुरुष सेहेचाळीस, मुलं वीस, बायका त्रेचाळीस. कापडाची गावं: पुरुष सत्तेचाळीस, मुलं एकवीस, बायका दोन.

दोन. मी आकड्यावर बोट ठेवलं.

डॉक्टर हसले. "सरळ आहे. बायका घरचं गाळलेलं पाणी पितात. पुरुष वावरात ओढ्याचं पितात. माझ्या मते कापडाचा याहून चांगला पुरावा नाही."

मला ते पटलं. पटवून घ्यायची घाईच होती मला. मग नजर मधल्या आकड्यावर गेली. मुलं एकवीस, त्यातल्या मुली अकरा. चार-पाच वर्षांच्या पोरी वावरात जात नाहीत. त्या आईच्याच माठातलं पितात. म्हणजे एकाच माठातल्या पाण्यानं लेकीला नारू झाला आणि आईला मात्र नाही.

३

मोजणीदार पुंजाजी रिठदकडचा. साठीचा, मितभाषी, कोतवालकीत आयुष्य गेलेलं. त्याला आसेगावच्या पारावर गाठला.

"पुंजाजी, कापड कोणत्या गावांत वाटलं, हे तुला माहीत होतं?"

"नाई, साहेब. तुमी सांगतलं होतं, पुसू नको. म्या नाई पुसलं. एका ठिकानी बाई पानी घेऊन आली तं म्या म्हनलं, नको माय, तहान नाई. माठ दिसू नये म्हनून. उन्हात जीव चालला होता."

"मग कापडाच्या गावात बायका कमी का निघाल्या?"

"आता मले काय ठावं? पुरुष म्हने, माह्या पायाले हाय, लिवा. म्या लिवलं. पोराले हाय, लिवा. लिवलं. बायकोले? नाई. नाई तं नाई."

"तू एकाही बाईला पाहिलं नाहीस?"

"कसं पाहू? तुमीच तं म्हनलं घरात पाय ठेवू नको. कागदावर छापेल हाय, कर्त्या पुरुषाले पुसा म्हनून. बायांले म्या पाह्यलंच नाई. इकडं बी नाई अन् तिकडं बी नाई."

हा माणूस निर्दोष होता. लबाडी करायची तर आधी कळायला हवं की कापड कुठे आहे, आणि त्याला ते माहीत नव्हतं. दोन्हीकडे त्यानं एकच प्रश्न एकाच तऱ्हेनं विचारला होता. उत्तरं मात्र वेगळी आली. म्हणजे गडबड विचारण्यात नव्हती, तर सांगण्यात होती. आणि सांगणाऱ्याच्या कानात काय घातलं गेलं, हे एकाच व्यक्तीला माहीत होतं.

४

पंचफुलाबाई धनजची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, माहेरी परतलेली, सातवी शिकलेली. महिन्याच्या पगारावर स्वतः आणि आंधळी आई. नोकरी गेली तर दोघींनी कुठे जायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावरच होता. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून ती बसली होती.

"तुम्ही काय शिकवत होता ते म्हणून दाखवा."

ती उभी राहिली. शाळेतल्या पोरीसारखं घडाघडा म्हणू लागली. "मायबहिणींनो, नारू पाण्यातून होतो. पाणी दुहेरी कापडातून गाळा. ज्या घरी पाणी गाळतात त्या घरी नारू येत नाही." इथे ती थबकली. श्वास घेतला. मग पुढे, "कापड रोज धुवा, उन्हात वाळवा..."

एक शब्द चुकला नाही. दहा गावांत, महिन्यातून दोनदा, वर्षभर हेच.

"बायकांना तुम्ही नारू लपवायला सांगितलं?"

"नाई जी."

"कमलीबाईला नारू आहे, हे माहीत होतं?"

तिची पिशवीवरची बोटं आवळली.

"पंचफुलाबाई, तुम्हाला पोलिसांत देणार आहेत. काही असेल तर आत्ता सांगा."

"आधी तांड्यावर जाऊन या, साहेब. धनीबाईले भेटा. तिनं सांगतलं तं मीही सांगीन. मी तिची शपथ खाल्ली हाये, तुमची नाई."

मला राग आला. चौकशी अधिकाऱ्याला अट घालणारी ही कोण? पण गेलो.

५

धनीबाई कमलीबाईची सासू. खोपटीच्या दारात पाय पसरून बसली होती. मला पाहूनही उठली नाही. सून पंधरा दिवसांपूर्वी गेलेली, मी मनावर घेतलं नाही. तिचा मुलगा भाऊसिंग बाहेर बाजेवर पाठ करून बसला होता. त्याच्या पायाला पट्टी होती, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी.

आत माठ होता. माठावर शिक्क्याचं कापड नव्हतं, लाल ओढणीचा दुहेरी घडी केलेला तुकडा होता. त्यावर शिवलेले आरसे उसवून काढले होते आणि तिथली भोकं बारीक टाक्यांनी बुजवली होती.

"हे कोणी केलं?"

"तिनंच. लग्नातली ओढनी तिची. सरकारी कापड पायाले बांधलं, मंग माठ उघडा कसा ठेवते? फाडली ओढनी." धनीबाईचा आवाज कोरडा होता. "मराच्या आदल्या रोजी बी गाळून घेतलं, साहेब. दातखीळ बसून राह्यली होती, तरी खुनेनं सांगे, पानी गाळ."

"मग तिनं नारू लपवला कशाला? दवाखान्यात का नाही गेली?"

म्हातारीनं बाजेकडे बोट केलं. "त्याले पूस."

भाऊसिंग वळला नाही. "बाईनं सांगतलं होतं, ज्या घरी गाळते त्या घरी येत नाई," तो म्हणाला. "माह्या पायाले आला. मंग हिनं गाळलं नसन ना? म्या मारलं तिले. दोनदा. म्हनलं, कामचोर, खोटी." मग म्हणाला, "मले काय मालूम, तिच्याबी पायात हाय."

"त्याच्या पायाले निंघाला तरी आमीच गाळलं नाई," धनीबाई म्हणाली, "अन् आमच्या पायाले निंघाला तरी आमीच गाळलं नाई. मंग कोन दाखवते पाय?"

आमच्या. तो शब्द माझ्या कानात राहिला. तोवर तिनं दोन्ही हातांनी फेटिया घोट्यापासून वर घेतला. पोटरीला मांजरपाट बांधलेलं होतं. लाल शिक्का रक्तात भिजून काळा झाला होता.

ती उठली नव्हती, कारण तिला उठताच येत नव्हतं.

मग तिनं बंजारी बोलीत दोन हाका मारल्या. शेजारच्या खोपटीतून एक बाई आली आणि तिनं पाय दाखवला. मग दुसरी. मग नाईकाची बायको. सहाजणी. कुणी रडलं नाही. वर्षभर कुणीही न विचारलेली गोष्ट त्या विचारण्याआधीच दाखवत होत्या.

"रोज गाळलं," धनीबाई म्हणाली. "रोज. सेवालाल महाराजाची शपथ. तरी काहून निंघाला? तू शिकेल हायेस, तू सांग."

मला उत्तर माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

६

नारू वर्ष घेतो. या उन्हाळ्यात निघालेला प्रत्येक नारू मागच्या उन्हाळ्यात पोटात गेलेला होता, आषाढाच्या आधी, कापड मिळण्याच्या आधी. कमलीबाईनं कितीही गाळलं असतं तरी तो निघणारच होता. गाळण्याचं फळ सत्तावन्नच्या उन्हाळ्यात दिसलं असतं.

म्हणजे छप्पनची मोजणी दोन्हीकडे सारखीच यायला हवी होती. ती ठेवली होती तीच मुळी चिठ्ठ्या सरळ पडल्या की नाही हे ताडून पाहायला. पुरुष सेहेचाळीसला सत्तेचाळीस. मुलं विसाला एकवीस. सारखीच आली होती! फक्त मोठ्या बायका गायब होत्या. औषधानं आपल्या वेळेआधी गुण दाखवला, तोही एका माठातून पिणाऱ्यांपैकी फक्त लाज वाटणाऱ्यांना. हे तार आली त्याच दिवशी मला दिसायला हवं होतं. मी पेढे वाटत होतो.

परतलो तेव्हा पंचफुलाबाई कचेरीच्या ओट्यावर वाट पाहत होती. धनीबाईनं पाय दाखवला म्हटल्यावर तिनं पिशवीतून वही काढली. तीत बेचाळीस नावं होती, दहा गावांतली, प्रत्येकीपुढे कोणता पाय ते लिहिलेलं. बेचाळीस आणि खात्याच्या वहीतल्या दोन, चव्वेचाळीस. तिकडे बिनकापडाच्या गावांत त्रेचाळीस.

"मी कोनाले लपवा म्हनलं नाई. त्याच मले न्हानीत नेऊन दाखवत. मी चुना लावून देत होती. कमलीले म्हनलं, दवाखान्यात चाल. म्हने, मालकाले कळन. माह्यानं ओढून नेववलं नाई तिले." ती डोळे पुसत म्हणाली, "त्या पुसत, गाळलं तरी काहून आला? मी काय सांगू? मजकुरात नाई."

"मग आम्हाला विचारायचं."

"पुसलं ना जी."

तिनं वहीतून दोन कागद काढले. पहिला तिच्या मजकुराची मूळ प्रत. "ज्या घरी पाणी गाळतात त्या घरी नारू येत नाही." त्यापुढे एक ओळ होती, जिथे ती थबकत असे: "परंतु यंदा निघणारा नारू गेल्या वर्षीच्या पाण्याचा आहे, त्यात घरच्या बाईचा दोष नाही." त्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड रेघ होती. समासात शेरा: "लांबते. बायकांचा गोंधळ होईल."

रेघ निळी होती.

दुसरा कागद तिच्या पत्राचं उत्तर. फाल्गुनात आलेलं, म्हणजे कमलीबाईच्या मरणाआधी तीन महिने. "सर्व गावी एकसमान मजकूर जाणे पाहणीच्या दृष्टीने आवश्यक आहे. ठरलेल्या मजकुराबाहेर एक शब्दही बोलू नये." खाली सही. मी ती सही वाचली नाही. आपली सही वाचावी लागत नाही.

"मी नाई बोलली," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमी म्हनलं म्हनून नाई बोलली."

मला तिच्यासमोर उभं राहवेना. कुणीतरी खोटं बोललं होतं ना? कुणीच नाही. पुंजाजी पाण्याविना राहून नेमानं वागला. ही बाई शपथेनं आणि हुकमानं बांधलेली. कल आकड्यात शिरू नये म्हणून मी जे जे बांध घातले, त्यांच्याआड बेचाळीस बाया पाय झाकून बसल्या होत्या, आणि त्यातली एक मेली.

७

मी सात पानी अहवाल लिहिला. मोजणीत बायकांना बाईनंच विचारावं. खोडलेली ओळ दहाही गावांत ताबडतोब सांगावी. सत्तावन्नची मोजणी सोडू नये, खरा निकाल तीच देईल. पंचफुलाबाई निर्दोष आहे. आणि शेवटी, एका ओळीत: "सदर मजकूर खोडणारा व पत्रास उत्तर देणारा अधिकारी मी स्वतः आहे."

पंधरा दिवसांनी तो वरिष्ठांकडून परत आला. सात पानांची दीड झाली होती. निष्कर्ष: स्त्रियांचे अज्ञान व शिक्षिकेचे दुर्लक्ष. पोलिसांकडे जाऊ नये, खात्याची बदनामी होते. शिक्षिकेस कमी करावे. पाहणी बंद करावी. माझी शेवटची ओळ खोडलेली होती. समासात शेरा: "अनावश्यक."

त्यांची पेन्सिल लाल होती, एवढाच फरक.

मी राजीनामा दिला नाही. लोकांना ऐकायला आवडेल की दिला. मी पेन्शन घेऊन निवृत्त झालो.

सत्तावन्नच्या वैशाखात मात्र रजा काढून तांड्यावर गेलो, ती ओळ सांगायला. धनीबाई दारात उभी होती, लंगडत का होईना.

"ते मालूम हाये," माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली. "पंचफुला आली होती. पगार नाई, काई नाई. धनजवरून पायी. दहाई गावांत जाऊन सांगून गेली. त्या दिवशी भाऊसिंग लय रडला. काय उपेग?"

तिनं लाल ओढणीतून पाणी गाळून लोटा माझ्यापुढे धरला. मी प्यालो.

"यंदा आमच्या तांड्यात कोनाच्याच पायाले नाई निंघाला," ती म्हणाली. "ना मानसाले, ना बाईले. पाह्य, सारे पाय पाहून घे. कमलीचं कापड खरं निंघालं. लिवून घे, साहेब."

मी सवयीनं खिशात हात घातला. पेन्सिल होती. लिहायला कागद नव्हता, आणि ते वाचणारं खातं तर पाहणी बंद करून मोकळं झालं होतं.

"लिवून घे," म्हातारी पुन्हा म्हणाली. "तेव्हा खोटं लिवलं होतं ना? आता खरं लिव."